आत्ता ध्यान शिकवू नका, जवळ बसा

तुमची मैत्रीण म्हणते, जगण्यात काही उरलं नाही. तुम्ही रोज ध्यान करता, म्हणून तिलाही शिकवावं का, असं विचारलंय. मी काही वर्षं हेल्पलाइनवर फोन घेतले आहेत. त्यावरून सांगतो, आत्ता नको. मन इतकं पोळलेलं असताना डोळे मिटून आत बघायला लावलं, तर तेच विचार आणखी मोठ्याने ऐकू येऊ शकतात. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी बांधलेला सजगतेच्या ध्यानाचा (माइंडफुलनेस) ८ आठवड्यांचा कार्यक्रमसुद्धा मुळात नैराश्यातून सावरलेल्यांना ते परत गाठू नये यासाठी होता. ती उपचार घेऊन सावरली आणि तिला स्वतःला वाटलं, तर तेव्हा बघा.

तुमचं ध्यान आत्ता तुमच्याच कामाचं आहे. ती बोलेल तेव्हा तुमच्या छातीत धस्स होईल आणि "असं बोलू नकोस गं, आईबाबांचा विचार कर" हे ओठांवर येईल. ती आपली भीती असते. सुरुवातीला मीही एका मुलाला जगण्याची कारणं मोजून दाखवली होती. तो गप्पच झाला. दुःखावर मी अपराधाचं ओझं चढवलं होतं, हे फार उशिरा कळलं मला.

तेव्हा पाय जमिनीला टेकलेत हे जाणवू द्या, श्वास सावकाश सोडा आणि सरळ विचारा, "आत्महत्येचे विचार येतात का तुझ्या मनात?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट, तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारला की अनेकांना हलकं वाटतं. हो म्हणाली तर काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, हेही विचारा. तसं असेल तर तिला एकटं सोडू नका, साधन तिच्यापासून लांब करा आणि त्याच वेळी हेल्पलाइन, मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा. कुणाला सांगणार नाही, असं वचन मात्र देऊ नका. या प्रसंगात ते पाळता येत नाही.

आणि नंतरही संपर्क तोडू नका. जेरोम मोटो या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी पुढचे उपचार नाकारलेल्या काही रुग्णांना ५ वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. तुमची आठवण आहे, वाटलं तर कळवा, एवढंच. पहिल्या २ वर्षांत, पत्रं न मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. तुम्हीही तिला दर काही दिवसांनी दोन ओळी पाठवा. उत्तर आलं नाही तरी पाठवा, आणि "उत्तर का नाही दिलंस" असं विचारू नका.