तारा लावल्यावर हिरडी खाली का गेली?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. ७ महिन्यांपूर्वी तिच्या दातांना तारा लावल्या. आता खालच्या मधल्या एका दाताची हिरडी खाली सरकलेली दिसते, दात लांब वाटतो, थंड पाणी झोंबतं. तारा काढून टाकाव्यात का? हिरडी परत वर येईल का?
— एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : तारा काढायची घाई नको, पण पुढच्या महिन्याच्या तारखेपर्यंत थांबूही नका. याच आठवड्यात दाखवा.

हिरडी खरंच सरली आहे का, ते आधी पाहावं लागतं. तारांभोवती घाण साचून शेजारच्या हिरड्या सुजल्या की मधली एकच खाली गेल्यासारखी भासते. खरंच सरली असेल, तर दाताचं पांढरं कवच, म्हणजे इनॅमल, संपतं तिथून खाली पिवळसर मूळ उघडं दिसतं. डॉक्टर खुणांच्या बारीक सळईने इनॅमलच्या कडेपासून हिरडीपर्यंतचं अंतर मोजतात. तो आकडा मिलिमीटरमध्ये, तारखेसह केसपेपरवर लिहून घ्या, जवळून फोटोही काढून ठेवा. नुसत्या अंदाजावर पुढचं काही ठरवता येत नाही.

खालच्या पुढच्या दातांसमोरचं हाड मुळातच फार पातळ असतं. दाटीतले दात जागा न करता एका रांगेत आणले की ते पुढे कलतात आणि मूळ हाडाबाहेर डोकावू लागतं. हाडाचा आधार गेला तरी हिरडी काही काळ तग धरते. त्यात घाण साचली किंवा ब्रश जोरात घासला गेला की सरते. म्हणून सगळा दोष मुलीच्या ब्रशिंगवर टाकला जातो, तो आम्हाला पटत नाही. तारा लावणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टना, स्पष्ट विचारा : हा दात किती पुढे आला आहे? मूळ परत हाडात नेता येईल का? त्यासाठी जागा कुठून काढणार? तोवर त्या दातावरचा जोर थांबवता येईल का?

घरी एक तपासणी करता येते. खालचा ओठ हलकेच पुढे ओढा. हिरडीची कडा हलली किंवा पांढरी पडली, तर ओठाच्या आतला पडदा तिला ओढतो आहे. हेही डॉक्टरांना सांगा.

ब्रश सॉफ्ट हवा. तो हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलवायचा, आडवा रेटायचा नाही. तारेखालून दातांच्या फटीत जाणारा छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. बाकरवडीतले तीळ-खसखस नेमके तारेखाली, हिरडीलगत अडकून बसतात. फ्लोराइडची पेस्ट वापरा. मिश्री आणि खरखरीत दंतमंजन पूर्ण बंद.

सरलेली हिरडी मालिशने किंवा तेलाच्या गुळण्यांनी वर येत नाही. दात मागे हाडात नेल्यावर कधीकधी थोडी सुधारते. नाहीच सुधारली आणि मोजमाप वाढत राहिलं, तर टाळूची थोडी त्वचा घेऊन तिथे कलम करतात. ते उपचारादरम्यान करायचं की तारा निघाल्यावर, हे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, यांनी मिळून ठरवायला हवं. हे दोन्ही विभाग डेंटल कॉलेजात एकाच छताखाली असतात. तुम्हाला धनकवडीचं भारती विद्यापीठाचं कॉलेज गाठता येईल.

तारा निघाल्यावर दातांमागे रिटेनरची, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी, तार चिकटवली, तर दर ६ महिन्यांनी ती दाखवत जा. ती वाकली किंवा पिळली गेली, तर ती स्वतःच दाताचं मूळ हळूहळू हाडाबाहेर ढकलू शकते.