साक्षीदार खोटं बोलतोय हे कळतं, पण पकडायचा कुठे?

कॅपकॉमचा 'एस अटर्नी' हा कोर्टातल्या रहस्याचा गेम जपानमध्ये २००१ साली निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या यंत्रावर आला, २००५ मध्ये त्यांच्याच डीएसवर इंग्रजीत आला आणि २०१९ पासून पहिले तीन भाग एकत्र स्विच या त्यांच्या नव्या यंत्रावर मिळतात. खेळणारा बचावपक्षाचा वकील असतो. सुट्टीत सातारा-सांगलीच्या बऱ्याच घरांत तो सुरू झालेला दिसतो, कारण या वेळचे प्रश्न बहुतेक त्याच्याबद्दलचे आहेत.

प्रश्न : पहिल्याच खटल्यात पाचही उद्गारचिन्हं (चुकायच्या संधी) गेली आणि अशील दोषी ठरला. साक्षीदार थापा मारतोय हे उघड आहे, पण कुठला पुरावा दाखवायचा तेच कळत नाही. (कराड)

तुम्ही आधी पुरावा निवडताय आणि मग तो चिकटवायला वाक्य शोधताय. उलट करा. आधी वाक्य, मग कागद. हा गेम सबंध त्यावरच उभा आहे.

साक्ष तीनदा फिरवा. पहिल्या फेरीत नुसती वाचा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक वाक्यावर थांबून एल दाबा, म्हणजे साक्षीदाराला खोदून विचारता येतं. याला सहसा दंड नाही, आणि विचारल्यावर कधी कधी साक्षीत नवीन वाक्य येतं. नेमकं तेच पुढे अडकणारं असतं. तिसऱ्या फेरीत आर दाबून कोर्ट रेकॉर्ड, म्हणजे पुराव्यांची यादी, उघडा आणि एकेका वाक्यासमोर एकेक कागद धरून बघा. वेळ, जागा, संख्या, डावा-उजवा हात, दिवा होता की नव्हता, यातलं काही जुळत नसेल तर एक्स दाबा. त्याआधी सेव्ह करायला विसरू नका.

पहिला खटला शिकवणीचाच आहे आणि खुनी सुरुवातीलाच दाखवलेला आहे, म्हणून तो उलगडून सांगायला हरकत नाही. साक्षीदार फ्रँक साहविट म्हणतो, प्रेत दिसलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शवविच्छेदन अहवालात मृत्यूची वेळ चार ते पाच. इथे अहवाल दाखवायचा. मग तो म्हणतो, वेळ टीव्हीवरून कळली. त्या वेळी इमारतीत वीज नव्हती, तेव्हा वीज गेल्याची नोंद पुढे करायची. मग तो टेबलावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो. ते घड्याळ दिसायला नुसता पुतळा आहे. मान हलवली की ते वेळ बोलून दाखवतं, म्हणजे ज्यानं ते हातात धरलं त्यालाच ते घड्याळ आहे हे माहीत असणार.

शेवटचा टप्पा बहुतेकांना अडवतो: कोर्टात ते घड्याळ तीन तास मागे निघतं, ते का? मृत तरुणीचा पासपोर्ट उघडा. ती आदल्याच दिवशी पॅरिसहून परतली होती. इंग्रजी गेमची कथा लॉस एंजेलिसमध्ये घडते. पॅरिसचं घड्याळ तिथल्यापेक्षा नऊ तास पुढे असतं, म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये दुपारचे चार तेव्हा पॅरिसमध्ये रात्रीचा एक. घड्याळ मागे पडलेलं नव्हतं, पॅरिसच्या वेळेवरच राहिलं होतं. साक्षीदारानं 'एक' ऐकला तो चार वाजता, खुनाच्या वेळी.

तीन थापा, तीन कागद आणि चौथा पासपोर्ट. पुढचे खटले लांबतात, गुंततात, पण रीत हीच. काही पुराव्यांना आतलं पानही असतं. वरची दोन ओळींची माहिती वाचून पुढे जाऊ नका, 'चेक' दिसलं की उघडाच.

प्रश्न : दुसऱ्या भागात बोलता बोलता पडद्यावर साखळ्या आणि कुलपं येतात. फोडायला गेलं की हिरवी पट्टी कमी होते. (विटा)

त्यांना सायकी-लॉक म्हणतात. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय, आणि जितकी कुलपं तितके टप्पे. चूक झाली की कापली जाते ती कोर्टात वापरायचीच पट्टी (या भागात उद्गारचिन्हांच्या जागी ती असते), म्हणून पुरावे गोळा होण्याआधी हात घालू नका. पुरावा अपुरा वाटला तर मधेच माघार घेता येते. गेलेली पट्टी तेवढ्यानं परत येत नाही, पण सगळी कुलपं फुटली की निम्मी भरून येते. म्हणून खटल्याच्या आदल्या टप्प्यात एखादं कुलूप शिल्लक असेल तर ते फोडूनच कोर्टात जा.

प्रश्न : मी नववीत आहे. मराठी माध्यम. इंग्रजी वाचताना फार वेळ लागतो, हा गेम जमेल का? (वाई)

जमेल. तू बटण दाबेपर्यंत वाक्य पडद्यावरून हलत नाही आणि घड्याळही मागे लागत नाही.  मात्र मराठी किंवा हिंदी भाषा त्यात नाही.

पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिही: टेस्टिमनी म्हणजे साक्ष, क्रॉस-एक्झामिनेशन म्हणजे उलटतपासणी, ऑटोप्सी म्हणजे शवविच्छेदन, कॉन्ट्रॅडिक्शन म्हणजे विसंगती आणि ॲलिबाय म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा बचाव. पुढच्या पानावर दोन रकाने पाड. डावीकडे साक्षीदाराचं वाक्य तुझ्या मराठीत, उजवीकडे त्याला छेद देणारा कागद. नावं मोठ्यानं वाच, त्यांत कोट्या आहेत. 'साहविट' भरभर म्हटलं की 'सॉ इट' होतं, म्हणजे 'पाहिलं'. साक्षीदाराचं नावच तसं!

प्रश्न : मी सांगलीत वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यातून उलटतपासणी शिकता येईल का?

विसंगती हेरायची सवय लागेल, आणि ती मोलाची आहे. पद्धत मात्र तिथून उचलू नका. गेममधला खटला तीन दिवसांत संपवावा लागतो आणि वकिलाला खरा गुन्हेगार शोधून द्यावा लागतो. आपल्याकडे बचावपक्षावर ते ओझं नाही, सरकार पक्षाला आरोप संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. ऐन वेळी खिशातून कागद काढून टेबलावर आपटणंही चालत नाही, कागद आधी शाबीत व्हावा लागतो.

साक्षीदाराला त्याच्याच आधीच्या लेखी जबाबावरून खोटं पाडायचं असेल, तर जबाबातला नेमका तो भाग त्याला दाखवून विचारावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा नियम जुन्या १८७२ च्या कायद्यासारखाच आहे.

सगळ्यात मोठा फरक एल बटणाचा. गेममध्ये प्रत्येक वाक्य खोदून विचारणं फायद्याचं. खऱ्या कोर्टात एक प्रश्न जास्त विचारला की साक्षीदाराला खुलासा करायची संधी मिळते आणि तुम्ही पाडलेलं भोक तोच बुजवतो. विसंगती नोंदीवर आली की थांबायचं, तिचा अर्थ युक्तिवादात सांगायचा. हे शिकायला सांगलीच्याच कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. खुनाच्या खटल्यात तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी एकदा पूर्ण ऐका, पंचनाम्याची प्रत शब्दागणिक कशी वाचायची ते तिथे दिसतं.

प्रश्न : जुना डीएस लाइट आणि या गेमचं कार्ड घेतलं. 'ऑब्जेक्शन' ओरडलं तरी ऐकत नाही, आणि सेव्ह दोनदा उडालं. (मिरज)

ओरडताना वाय बटण दाबून धरावं लागतं. डीएस लाइटचा माइक मधल्या बिजागरीत असतो, तिथे धूळ बसली असेल तर मऊ ब्रशनं झटका. पंखा किंवा मिक्सर चालू असेल तर आवाज नीट ओळखला जात नाही. तरीही ऐकलं नाही तर बटणांनी खेळा, काही बिघडत नाही. माइक खरा लागतो तो पाचव्या खटल्यात. ठशांवर बोटानं पावडर टाकून फुंकर मारायची असते, ती बिजागरीवर मारा.

सेव्हचं दुखणं वेगळं. डीएसच्या कार्डात सेव्ह जपायला बॅटरी नसते, त्यामुळे 'बॅटरी बदलून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, मग सेव्ह करून यंत्र बंद-चालू करून बघा. तोंडानं फुंकू नका, थुंकीतल्या ओलाव्यानं पट्ट्या गंजतात. पुसूनही सेव्ह उडत असेल तर कार्ड नकली असण्याचा दाट संभव आहे. लेबलाची छपाई धूसर आहे का, 'निन्टेन्डो' हे नाव नीट उमटलंय का, मागचा कोड आहे का ते बघा आणि विकणाऱ्याकडून लगेच बदलून घ्या. नकली कार्ड दुरुस्त होत नाही.