आधी माणसं मोजा, मग रॅक

मॅडम, कॉलेजच्या नव्या ग्रंथालयात जागा कशी वाटायची असं तुम्ही विचारलंत. नकाशा हातात आला की ‘रॅक किती बसतील’ हेच मोजावंसं वाटतं. थांबा. आधी देवघेवीच्या नोंदी काढा आणि बरीच वर्षं बाहेर न गेलेली पुस्तकं वेगळी करा. जुन्या अभ्यासक्रमाच्या ढीगभर प्रती तिथेच सापडतील. त्यांचं रीतसर निर्लेखन करा, म्हणजे नोंदवहीतून कमी करा. मात्र करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या काळातलं छापील साहित्य, एकुलती प्रत यांना हात लावायचा नाही.

नवखे फसतात ते वजनात. इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याप्रमाणे पुस्तकसाठ्याच्या खोलीला दर चौरस मीटरला किमान ६ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ६०० किलो भार धरतात. साठा वेगळा असलेल्या वाचनकक्षाला त्याच्या निम्माच. त्यामुळे वाचनकक्षात पुढे रॅक घुसवू म्हणाल तर स्लॅब ऐकणार नाही. कॉम्पॅक्टरला, म्हणजे रुळावर सरकणाऱ्या एकमेकांना चिकटून बसणाऱ्या रॅकना, भार याहून जास्त; स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ऑर्डर नको. आणि २०१९ चा पूर आठवा! कॉलेज पंचगंगेच्या पूररेषेजवळ असेल तर तळमजल्यावर टेबलं, साठा वर, आणि वरच्या स्लॅबचा हिशोब आत्ताच सांगून ठेवा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला रॅक टेकवू नका.

खिडकीलगतची जागा मुलांची. पुस्तकांना ऊन सोसत नाही. परीक्षेच्या दिवसांत खुर्च्या किती भरतात ते सकाळ-संध्याकाळ मोजा, एमपीएससीवाल्यांनाही धरून.

आरएफआयडी (पुस्तकांना लावायच्या रेडिओ चिपा) वगैरे नंतर. मोजणीचे आकडे आले की नकाशा घेऊन बसू.