ठरलेला डॉक्टरच नाही?

प्रश्न : मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्याकडे सफाईला येणारी मेक्सिकन बाई म्हणते तिला फॅमिली डॉक्टरच नाही, फारच झालं तर इमर्जन्सीत जाते. एवढ्या श्रीमंत देशात असं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ती एकटी नाही हो. अमेरिकेत लॅटिनो (म्हणजे मेक्सिकोसारख्या लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या) लोकांत दर तिघांत साधारण एकाला ठरलेला डॉक्टर नाही, गोऱ्यांत सहांत एकाला. मुख्य कारण इन्शुरन्स. तिथे तो बहुतेकांना नोकरीतून मिळतो आणि घरोघरी सफाई करणारीला कोण देणार? त्यात ह्यूस्टन ज्या राज्यात येतं ते टेक्सास म्हणजे विमा नसलेल्यांत देशात पहिला, गरिबांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेड, 2010च्या आरोग्य विमा कायद्यानंतरही (ओबामाकेअर) जास्त लोकांपर्यंत वाढवलाच नाही त्यांनी (माझ्या मते निव्वळ राजकारण), आणि कागदपत्रं नसतील तर तेही दार बंद. वर भाषा, शिवाय दवाखान्यासाठी दिवस बुडवला की त्या दिवसाचे पैसे गेले. इमर्जन्सीवाले 1986च्या कायद्यामुळे तपासायला नाही म्हणू शकत नाहीत, पण बिल नंतर येतंच, आणि बीपी-शुगरचा फॉलोअप तिथे कोण ठेवणार?

मुलीला सांगा, बाईला जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधून द्या. फी कमाईप्रमाणे लागते, विमा नसला तरी बघतात, स्पॅनिश बोलणारे बहुतेक ठिकाणी असतात. जाताना कमाईचा काहीतरी पुरावा न्यावा.