चौथ्यांदा तोच सिनेमा

"मॅडम, पोरगं बिघडलं बघा." गेल्या काही वर्षांत बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरचं माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आतच पुढचं कळतं. मुलाला कुठल्या तरी सिनेमातल्या मारझोड करणाऱ्या, बायकांना तुडवणाऱ्या नायकाचं वेड लागलेलं असतं. मोबाइलवर त्याचा फोटो, तोंडात त्याचे डायलॉग. खानापूर असो, निपाणी असो, नाहीतर आपलं शहापूर, आईबापांचा प्रश्न एकच: आमचा पण असाच होणार का?

त्यातल्याच एका मुलाची ही गोष्ट. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. अनगोळात मित्रांबरोबर खोली करून राहणारा. 2023 च्या डिसेंबरात आलेला 'ॲनिमल' त्यानं चार वेळा पाहिला होता. आईनं त्यातला जेमतेम पाव तास पाहिला आणि दुसऱ्या दिवशी निपाणीहून सकाळची बस धरून ती बेळगावला आली. "घरात कधी मुंगी मारली नाही हो त्यानं," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मी तिला विचारलं, "महाभारतात तुम्हाला कोण आवडतो?"

जरा गोंधळलीच. "कर्ण. का हो?"

"भर सभेत द्रौपदीला तो काय म्हणाला, आठवतंय?"

गप्प झाली. तो शब्द तिला माहीत होता, पण तोंडातून काढवेना. मग हळूच म्हणाली, "पण जन्मभर किती सोसलं त्यानं…"

"सोसलंच की. म्हणून तो शब्द चांगला ठरला का?"

"छे, छे! तो वाईटच."

"म्हणजे कर्णाची कीव आणि त्या शब्दाचा राग, दोन्ही तुमच्या मनात राहतात. मग मुलाच्याच मनात राहणार नाहीत असं का वाटतं?"

ही बाई आजवर कायम कर्णासाठी रडत आली होती आणि तिला कधी कुणी बिघडलेली म्हटलं नव्हतं. मोठ्यांच्या भावनेला आपण भरपूर जागा देतो. पोरांच्या भावनेची मात्र लगेच झडती घेतो.

मुलाचं पहिलं वाक्य मात्र मला अनपेक्षित होतं. "मॅडम, मला तो आवडतच नाही."

"मग चार वेळा?"

खांदे उडवले. पहिल्या तीन भेटी अशाच गेल्या. मला वाटत होतं, 'ॲनिमल'मधल्या नायकासारखी ह्यालाही बापाच्या नजरेची भूक असणार. त्या दिशेनं बरंच विचारून पाहिलं, हाताला काही लागलं नाही. वडिलांशी त्याचं उत्तम जमत होतं.

चौथ्या भेटीत मी त्याला लॅपटॉपवर एका जुन्या सिनेमाचा तुकडा दाखवला. हिचकॉकचा 1960 चा 'सायको'. खून झालेली बाई तिच्याच गाडीच्या डिकीत आहे आणि मोटेल चालवणारा नॉर्मन ती गाडी दलदलीत ढकलून देतो. गाडी बुडत जाते आणि मध्येच थांबते. काही क्षण हलतच नाही. नॉर्मन इकडे तिकडे बघतो. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मुलाकडे बघत होते. त्याची हाताची मूठ आवळली होती. गाडी एकदाची बुडाली तेव्हा त्यानं श्वास सोडला.

"हुश्श कशाला केलंस?"

"गाडी बुडाली म्हणून…" एवढं बोलला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "पण मॅडम, त्या डिकीत ती बाई आहे."

"आहे. आणि घटकाभरापूर्वीपर्यंत सिनेमा आपल्याला तिच्याच सोबत फिरवत होता."

बराच वेळ तो काही बोलला नाही. बाहेर शाळा सुटल्याचा गलका चालला होता. मग सगळं एकदम बाहेर आलं. 'ॲनिमल'मध्ये नायक एका बाईला सांगतो, प्रेम खरं असेल तर माझा बूट चाट. पहिल्यांदा मित्रांबरोबर थेटरात बघताना ह्या ठिकाणी शिट्ट्या पडल्या आणि हाही हसला. "खरंच हसलो, मॅडम. मोठ्यानं. रात्री झोपताना आठवलं, तिच्या जागी माझी ताई असती तर?" पुढच्या तिन्ही वेळा तो एकटाच गेला होता. दर वेळी तेवढ्या सीनची वाट बघत बसायचा, आपल्याला अजून हसू येतंय का, हे तपासायला.

आई ज्याला वेड समजत होती, ती त्याची स्वतःचीच चाललेली उलटतपासणी होती. समुपदेशनात इतकी वर्षं घालवूनही असा क्षण आला की माझ्या अंगावर काटा येतो. चौथ्या भेटीला सरळ प्रश्न न विचारता तो तुकडा दाखवला, हे मला आजही बरोबर वाटतं. उपदेश केला असता तर तो मान डोलावून निघून गेला असता.

मी मूळची मराठी साहित्याची, मानसशास्त्राकडे नंतर आले. न. चिं. केळकरांनी ह्या अवस्थेला 'सविकल्प समाधी' म्हटलंय. वाचताना, बघताना आपण दुसऱ्याच्या जिवात शिरतो आणि तरी आपलं आपणपण सुटत नाही. दिग्दर्शक कॅमेरा ज्याच्या खांद्यावर ठेवतो, त्याच्यासाठी आपला जीव खालीवर होतो. तसं होणं हा गुन्हा नाही. आपण माणूस आहोत म्हणूनच ते होतं. त्या मुलाला छळत होतं ते हसू नव्हतं, 'मला असं हसू येताच कामा नये, आलं म्हणजे मी नीच' हा त्यानं स्वतःवर लादलेला हुकूम छळत होता. आधी आम्ही त्या हुकमावर काम केलं. हसू येऊन गेलं होतं. आता त्याबद्दल काय वाटतं, हे ठरवणं त्याच्या हातात होतं.

आईबापांना माझं सांगणं असं. "तुला हे आवडतंच कसं?" असं विचारू नका. त्या प्रश्नानं पोरं एकतर गप्प बसतात, नाहीतर नायकाची वकिली करू लागतात. "त्यात तुला कुणाचं वाईट वाटलं?" असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. फक्त नायकाचंच वाईट वाटत असेल, तर त्याच्या हातून मार खाणाऱ्यांबद्दल विचारा. सोबत बसून बघता आला तर फार बरं. मात्र 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा सातवी-आठवीतलं पोर मोबाइलवर बघत असेल, तर तिथे चर्चा नको, आधी मोबाइल घ्या. तो सिनेमा अठरा वर्षांपुढच्यांसाठीच असतो.

खरी काळजी करायची ती वागण्याची. बहिणीशी, मैत्रिणीशी बोलताना ती भाषा, ती दमदाटी आली का? 'नाही' ऐकल्यावर धमक्या, पाठलाग, मुक्या जनावरांना त्रास, स्वतःला इजा, दिवसचे दिवस झोप नाही? असं काही दिसलं तर सिनेमाला दोष देत बसू नका, मदत घ्या. धारवाडचं डिम्हान्स हे मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ आपल्याला जवळ आहे, आणि टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ह्या नंबरवर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं.

तो मुलगा शेवटचा आला तेव्हा त्यानं मेसमधली एक हकीकत सांगितली. कुणीतरी मोबाइलवर तोच बुटाचा सीन लावला होता, आणि टेबलावर पुन्हा हशा. हा म्हणाला, "एकदा तिचा चेहरा बघा की रे." दोघं हसतच राहिले. तिसऱ्यानं ताटावरचा हात पुसला, मोबाइल मागून घेतला आणि तेवढा सीन परत पहिल्यापासून लावला.