ओला कचरा थेट बागेच्या मातीत पुरला तर खत होतं का? किती दिवस लागतात?

होतं. खड्डा कसा खणायचा ते सांगत बसत नाही. आमच्या घरात याच गोष्टीवरून १२ वर्षं भांडण चाललंय, म्हणून लिहितोय.

आमचं घर कोकणात, राजापूरकडे. काकांचा नियम असा की पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, गोळा करायचा, पेटवायचा आणि राख माडाच्या आळ्यात टाकायची. मी पुण्याहून परत आलो त्या वर्षी परसात चर खणला. जांभ्याची जमीन, हातभर खाली गेलं की पहार वाजते. त्यात भाजीची देठं, केळीची सालं, कोळंबीची टरफलं आणि आंब्याचा पातेरा दाबून भरला, वर जेमतेम चार बोटं माती. तिसऱ्या रात्री घुशीने सगळं उकरून अंगणात मांडलं. काका पडवीतून म्हणाले, "मेल्या, कचऱ्याला समाधी दिलीस, तो उठून चालायला लागला बघ."

पुढे तर हसंच झालं. माती पुन्हा लोटून तिथेच मिरची लावली, ती पिवळी पडली. काका आजही पाहुण्यांना ती मिरची सांगतात. पण चूक पुरण्यात नव्हती, घाईत होती. सुका पातेरा कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र (नायट्रोजन) उचलतात, त्यांचं होईस्तोवर रोपं उपाशी. पुढच्या पावसाळ्यात त्याच चरावर तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, वेल मांडवभर गेला. त्यावर काका चकार शब्द काढत नाहीत, त्या तवशाचं धोंडस (काकडीचा गोड केक) मात्र दोनदा मागून घेतात. राखेत पालाश (पोटॅश) उरतो, मान्य. नत्र धुराबरोबर जातं त्याचं काय?

तर भाजीपाला बारीक चिरा, वर वीतभर तरी माती घाला आणि २-३ महिने तिथे काही लावू नका. कोरड्या मातीत जास्तच लागतात. मासळी नकोच. पावसात पाणी साचतं तिथे पुरलंत तर कुजायच्या ऐवजी सडून घाण मारेल. कुंडीत तर करूच नका. आणि हो, जवळ माड असतील तर अधूनमधून उकरून बघा. माड पोखरणारा गेंड्या भुंगा अशा कुजक्यात अंडी घालतो. जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की कोंबड्यांना सोडा. हे काकांनीच दाखवलं.

आंब्याचे बाठेही टाकू नका. माझ्या चरातून जूनमध्ये सात रायवळ आंबे उगवले. सहा मी उपटले, सातवा काकांनी हलवून विहिरीपाशी लावलाय. त्याच्या आळ्यात राख पडते.