चार्ज देताना कुणी बोलत नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी लोट्याच्या एमआयडीसीत एका मोठ्या केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज आहे. १४ वर्षं झाली. शिमग्यापासून दोन खेपांत ४३ माणसं कमी केली. तिसरी यादी गणपतीनंतर लागणार अशी कुजबुज आहे, पण वर विचारलं तर ‘सध्या तसं काही नाही’ एवढंच उत्तर. माझ्या प्लांटात शिफ्टला नऊ जण असायचे, आता सहा आहेत. काम वाढलं त्याचं एवढं नाही, माणसं बदलली त्याचं वाईट वाटतं. गणपतीत कोण कुणाची शिफ्ट मारणार हे दरवर्षी श्रावणातच कॅन्टीनमध्ये ठरायचं. दीड दिवसवाले परतले की गौरी-गणपतीवाले सुटायचे. मुसलमान मित्र आमच्या शिफ्ट मारायचे, ईदला आम्ही त्यांच्या. यंदा कुणी विषयच काढत नाही. परवा नाईटला चार्ज घेतला तर लॉगबुकात ‘सर्व नॉर्मल’. प्रत्यक्षात सेकंड शिफ्टमध्ये रिअ‍ॅक्टरच्या कूलिंगचा पंप दोनदा ट्रिप झाला होता. ज्याने लिहिलं नाही तो ११ वर्षांचा सोबती. म्हणाला, ‘लिहिलं तर माझ्या नावावर लागेल नि मी यादीत जाईन.’ मी गप्प बसलो. काय करू?
– एक शिफ्ट इन्चार्ज, ता. खेड

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी पंपापाशी थांबले. बाकीचं सगळं नंतर. ज्या रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता तयार होते त्याचं कूलिंग दोनदा बंद पडलं आणि पुढच्या पाळीला ते कळलं नाही, ही नुसती मन दुखावण्याची बाब राहत नाही. तुमच्या भिंतीपलीकडे वाड्या आहेत.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाच्या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तिथे नुसती झाकणपट्टी लावलेली होती. रात्रपाळीला ते कुणी नीट सांगितलं नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून रात्रपाळीने हा चालू केला. त्या माणसांचं आपसात वैर नव्हतं. एक गोष्ट सांगायची राहिली, एवढंच. तुमच्याकडे तर ती जाणूनबुजून न सांगण्याची वेळ आलीय.

तरीही तुमच्या सोबत्याला मी दोष देत नाही. कोकणात ‘घरी बसवलं’ या शब्दाची धास्ती फार खोल आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईहून ट्रंक घेऊन परतलेले गिरणी कामगार आपल्या कितीतरी घरांनी पाहिलेत. यादी कशावरून ठरते हे कुणी सांगत नसेल, तर माणूस स्वतःच अंदाज बांधतो. चूक दिसली की नाव जातं, आपल्याच एकट्याला माहीत असलेली गोष्ट असली की नाव वाचतं, असे ते अंदाज. मग तो चूक लपवतो आणि माहितीही.

हे मी जवळून पाहिलंय. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी होते. तिथे माणसं कमी करायची ठरली तेव्हा यादी माझ्या कपाटात आठ दिवस आधी आली होती. जो तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मी ‘मला काही माहीत नाही’ म्हणत होते. आमच्याकडे एक फिटर होते, २२ वर्षं नोकरी झालेले. कुठल्या पंपाला किती मापाचं पॅकिंग, कुठला व्हॉल्व्ह अर्धा आटाच फिरवायचा, हे सगळं त्यांच्या एका वहीत होतं. निळ्या पुठ्ठ्याची, ग्रीसचे डाग पडलेली, पेन्सिलीने लिहिलेली वही. तरुण पोरं हक्काने मागून न्यायची. कुजबुज सुरू झाली तशी ती वही खिशातून दिसेनाशी झाली. त्यांचं नाव यादीत निघालं. महिन्याने मी घरी गेले तेव्हा वहिनींनी सांगितलं की आल्या दिवशीच त्यांनी वहीची पानं फाडून बंबात घातली. अंघोळीचं पाणी तापलं त्यावर. ते स्वतः माझ्याशी बोलायला बाहेर आले नाहीत. मी आधी खरं बोलले असते तर ती वही वाचली असती का, हे सांगता येत नाही. पण ते बाहेर आले असते, असं मला अजून वाटतं.

म्हणून तुम्ही गप्प बसू नका. आजपासून चार्ज केबिनमध्ये घेऊ नका. दहा मिनिटं आधी जा आणि सुटणाऱ्या माणसाबरोबर प्लांटात फिरा. त्याला ‘काय चुकलं’ विचारू नका, ‘कशाने त्रास दिला’ विचारा. बोलताना माणूस जे सांगतो ते सहीनिशी लिहायला कचरतो, तेव्हा लॉगबुकात ते तुम्ही तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने लिहा. पंपाचं परवाचं ट्रिपिंगसुद्धा आजच्या तारखेने लिहा आणि मेंटेनन्सला कळवा. याची झळ तुम्हाला लागू शकते, हे मी लपवत नाही. पण इन्चार्ज म्हणून ती तुमच्यावर यावी, सोबत्यावर नको. तो दोन-चार दिवस बघेल, मग स्वतः लिहू लागेल.

दुसरं काम वरच्यांशी. ‘माणसं कमी करू नका’ असं म्हणालात तर ते तुमच्या हाती नाही असं ऐकून परत याल. त्याऐवजी लेखी विचारा : हा प्लांट सुरक्षित चालायला शिफ्टला कमीत कमी किती माणसं लागतात, आणि सहाचा आकडा कुणी तपासला? भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात सुरक्षा समिती आली आणि तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारखे. तुमच्याकडेही समिती असणारच. तिच्या बैठकीत हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. यादी येणार असेल तर तारीख आणि निकष सांगा, हेही तिथेच मागा. वाईट बातमी माणसं पचवतात. रोज सकाळी गेटवर कार्ड चालेल की नाही या धाकात मात्र कुणी कुणाचा राहत नाही. मनोबल वाढवायला कंपनी एखादी सहल किंवा खेळांचा दिवस ठेवेल, तर जा जरूर, पण त्याने हे सुटणार नाही.

आणि गणपतीचं. कॅन्टीनमध्ये एक कोरा कागद लावा, दिवसांचे रकाने आखा आणि पहिलं नाव तुमचं लिहा, ज्या दिवशी तुम्ही दुसऱ्याची शिफ्ट माराल त्या रकान्यात. कुणाला आग्रह करू नका. शक्य झालं तर तो दिवस पंपवाल्या सोबत्याच्या घरच्या विसर्जनाचा निवडा.

प्रश्न : माझे यजमान एका कारखान्यात ११ वर्षं मशीनवर आहेत, परमनंट. एचआरने बोलावून ‘राजीनामा लिहून द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ सांगितलं. सणाला पैसे हवेत म्हणून ते सही करणार म्हणतात.
– एक भगिनी, चिपळूण

उत्तर : त्यांना आज सही करू देऊ नका. राजीनामा आपखुशीचा धरला जातो आणि कपातीची भरपाई हातची जाते. कंपनीने कमी केलं तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शेवटी लागलेला आधी जातो हाही नियम आहे. तो मोडला तर कंपनीने कारण नोंदवायचं असतं. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळतेच, कारण पाच वर्षं झाली आहेत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० असेल, तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११, म्हणजे १,१५,५०० रुपये. हा आकडा कागदावर लिहून यजमानांच्या हातात द्या. एचआरला म्हणावं, जे सांगायचं ते लेखी द्या. हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या, नेमणूक पत्र यांच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा, आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात सही करण्याआधी जाऊन या. नंतर गेलात तर तिथला अधिकारी सर्वांत आधी तो राजीनामाच बघायला मागेल.